नळीत कोंडलेला स्फोट



स्फोटात माणूस कशाने मरतो, असा प्रश्न रस्त्यात कोणालाही विचारला तर बहुधा उत्तर येईल, आगीने. कोणी म्हणेल, उडालेल्या लोखंडाने. कोणी म्हणेल, अंगावर पडलेल्या भिंतीने. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उडाले. जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी होत्या. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेल्या बंबवाल्यांपैकी साठाहून अधिक जण एकाच दिवशी गेले. आजही देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पण ज्या घरांपर्यंत ज्वाळा कधी पोचलीच नाही, त्या मैल-मैल दूरच्या घरांच्या काचाही त्या दुपारी फुटल्या. आगीच्या आधी तेथे काय जाऊन पोचले? तेथे पोचली ती हवा. आपण जी श्वासावाटे घेतो तीच हवा, पण भिंतीसारखी उभी राहून धावत आलेली.

या हवेचा अभ्यास माणसाने कसा केला, त्याची कथा आज सांगायची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु गेली तीस वर्षे कारखान्यांतील अपघातांच्या चौकशीत कामगारांच्या बाजूने बसण्याचा प्रसंग मला वारंवार आला. तेथे मी एक गोष्ट पाहिली. ‘अचानक स्फोट झाला’ एवढे शब्द कागदावर उमटले की सगळ्यांना हायसे वाटते. अचानक म्हणजे दैवाने, आणि दैवाला समन्स काढता येत नाही. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की स्फोट ही मोजता येणारी गोष्ट आहे. तो मोजण्याचे एक अगदी साधे साधन आहे, एक नळी आणि तिच्यात ताणलेला एक पडदा. त्या नळीचा जन्म लढाईच्या मैदानाइतकाच कोळशाच्या खाणीशीही बांधलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात करू या इंग्लंडमधील हॅसवेल येथून. सप्टेंबर १८४४ मध्ये तेथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व पोरे मेली. अशा वेळी स्थानिक पंचांनी बसावे, ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल द्यावा आणि खाण पुन्हा सुरू व्हावी, अशी तेव्हाची रीत. पण या वेळी खाणकामगारांच्या संघटनेचे वकील डब्ल्यू. पी. रॉबर्ट्स हे पंतप्रधान पील यांच्यापर्यंत गेले आणि शास्त्रज्ञ पाठवा अशी मागणी त्यांनी धरून लावली. तेव्हा सरकारने दोन माणसे पाठविली. एक भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल आणि दुसरे मायकेल फॅरडे. फॅरडे म्हणजे लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करता करता ती पुस्तके वाचून शिकलेला. तेथली एक हकीकत लायल यांनी लिहून ठेवली आहे. खाणीत हवेचा प्रवाह किती हे कसे मोजता, असे फॅरडेंनी विचारले. खाणीच्या माणसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली आणि धूर ठरावीक अंतर किती वेळात जातो ते दाखविले. ही दारू ठेवता कुठे, असे फॅरडेंनी विचारले. पिशवीत, म्हणाले. आणि पिशवी कुठे आहे? “आपण तिच्यावरच बसला आहात!”

ही गोष्ट ऐकून हसू येते. पण त्या दोघांच्या अहवालात एक गंभीर वाक्य होते. खाणीत जळाला तो केवळ ज्वालाग्राही वायू नव्हे, तर बोगद्यांत साचलेली कोळशाची बारीक भुकटीही त्या जळण्यात सामील झाली होती, असे त्यांनी नोंदविले. हे वाक्य त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. ते पुढे साठ वर्षांनी किती महाग पडले ते सांगतोच. त्याआधी स्फोटाच्या वेळी हवेत काय घडते ते नीट समजून घेऊ.

मी येथे बोलतो आहे. माझा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्याकडे येतो. त्या आवाजाने हवा दबते, पण इतकी थोडी की कानाच्या पडद्याखेरीज कोणाला पत्ता लागत नाही. आता दाब मोठा असेल तर काय होईल? एखाद्या अरुंद वाटेने दिंडी चालली आहे अशी कल्पना करा. पुढचे लोक सावकाश चालतात, मागच्यांची पावले झपाट्याची. थोड्याच वेळात मागचे पुढच्यांना गाठतात आणि मोकळी चाललेली रांग एका जागी दाटीची भिंत होऊन जाते. हवेचे तसेच. दाबलेली हवा तापते, आणि तापल्या हवेतून दाबाची लाट अधिक वेगाने जाते. शिवाय ती हवा स्वतःही पुढे सरकत असते. म्हणून मागून निघालेला दाब पुढच्याला गाठतो, आणि शेवटी सारे दाब एका उभ्या कड्यात गोळा होतात. या कड्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याच्या अलीकडे शांत हवा, पलीकडे दाबलेली, तापलेली, धावती हवा. मध्ये पायरी नाही, उतार नाही. यालाच आघात-तरंग म्हणतात, आणि हा नेहमी आवाजापेक्षा वेगाने जातो.

गणिताने ही गोष्ट प्रयोगाच्या आधीच ओळखली होती. जर्मनीत रीमान यांनी १८६० साली, स्कॉटलंडमध्ये रँकिन यांनी १८७० साली, आणि फ्रान्समध्ये तोफखान्यातील अधिकारी ह्यूगोनिओ यांनी, जे १८८७ साली पस्तिशीतच वारले, या कड्याचा हिशेब मांडला. हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ आहे. कड्याच्या अलीकडून जेवढी हवा आत गेली तेवढीच पलीकडे निघाली पाहिजे. जेवढा जोर लागला त्याची नोंद पाहिजे. आणि ऊर्जेची जमा आणि खर्च जुळले पाहिजेत. पण असा उभा कडा हवेत खरोखर असू शकतो काय, याबद्दल थोरामोठ्यांनाही शंका होती. केंब्रिजच्या स्टोक्स यांनी १८४८ साली स्वतःच ही कल्पना मांडली होती. पुढे समकालीनांच्या आक्षेपांमुळे त्यांनी ती मागे घेतली. प्राग येथील अर्न्स्ट माख यांनी, साल्खर या सहकाऱ्याच्या मदतीने, १८८६–८७ साली धावत्या गोळीपुढची ही लाट छायाचित्रात पकडली, तेव्हा डोळ्यांना पुरावा मिळाला. परंतु गोळी क्षणात निघून जाते. लाट हवी तेव्हा, हवी तेवढी, पुन्हा पुन्हा तशीच निर्माण करता येईल असे साधन अजून कोणाकडे नव्हते.

ते साधन फ्रान्समध्ये तयार झाले. खाणीतल्या स्फोटांनी त्रस्त होऊन फ्रेंच सरकारने १८७७ नंतर खाणवायूच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्या काळात दोन जोड्या एकाच प्रश्नावर काम करीत होत्या. मालार आणि ल शातलिए ही एक, बर्तलो आणि व्हियेय ही दुसरी. वायूने भरलेल्या लांब नळीच्या एका टोकाला ठिणगी लावली तर ज्योत कशी पळते, एवढाच प्रश्न. १८८१ साली दोघांनाही एक अद्भुत गोष्ट दिसली. ज्योत आधी संथ चालते, मग धावते, आणि काही मिश्रणांत एकाएकी सेकंदाला दोन हजार मीटरहून अधिक वेग घेते. जळण्याला इतका वेग कोठून आला? संशय असा, की ज्योतीच्या पुढे दाबाचा कडा पळतो आणि वायूला दाबून, तापवून तोच पेटवितो.

संशय खरा की खोटा हे ठरविण्यासाठी पॉल व्हियेय यांनी १८९९ साली जे केले ते मला फार शिकवून जाते. हे गृहस्थ स्फोटकांचे तज्ज्ञ. १८८४ साली बिनधुराची बंदुकीची दारू त्यांनीच शोधली होती. त्यांनी ठरविले, की जळणे या भानगडीतून काढूनच टाकायचे. सुमारे ६ मीटर लांब आणि २२ मिलिमीटर व्यासाची नळी घेतली. एका टोकाचा लहानसा भाग पातळ पडद्याने बंद केला आणि त्यात हवा दाबून भरीत गेले. दाब सुमारे २७ वातावरणांइतका झाला तेव्हा पडदा फाटला. आग नाही, दारू नाही, वायू नाही. नुसती साधी हवा साध्या हवेवर सुटली. आणि नळीतून जी लाट धावली तिचा वेग भरला सेकंदाला सुमारे ६०० मीटर, म्हणजे आवाजाच्या पावणेदोनपट! ह्यूगोनिओंचा कागदावरचा कडा नळीतून धावत गेला. स्फोटातून आग वजा केली तरी स्फोटाचा तडाखा शिल्लक राहतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. हीच पहिली आघात-नलिका. पुढे इंग्रजीत तिला शॉक ट्यूब म्हणू लागले.

या नळीचे मर्म असे आहे. कड्याचा जो हिशेब सांगितला त्यात नळी लहान की मोठी हा प्रश्नच येत नाही. कड्याचा वेग कळला की त्यामागचा दाब निश्चित कळतो. नळीवर एक मीटर अंतराने दोन खुणा करा. लाट पहिलीपासून दुसरीपर्यंत किती वेळात गेली ते मोजा. वेग आवाजाच्या १.२ पट निघाला, तर दाब नेहमीच्या हवेपेक्षा सुमारे अर्ध्या वातावरणाने वाढला. वेग दुप्पट निघाला, तर साडेतीन वातावरणांनी वाढला. म्हणजे येथे घड्याळाने दाब मोजता येतो. स्फोट मोजणाऱ्या सगळ्या यंत्रांचे काटे पुढे या नळीवरच तपासून घेऊ लागले ते यासाठी.

आता त्याच फ्रान्समधली दुसरी बाजू पाहा. कोळशाच्या भुकटीचा धोका किती, हाही प्रश्न त्या आयोगापुढे होता. वेल्समधील खाणींचे निरीक्षक राहिलेले विल्यम गॅलोवे हे १८७६ पासून बजावून सांगत होते, की भुकटी हाच मोठा वैरी आहे. परंतु मालार आणि ल शातलिए यांनी प्रयोगशाळेतल्या लहान उपकरणांत भुकटी पेटवून पाहिली आणि १८८२ साली निर्वाळा दिला, की खाणवायू नसेल तर नुसत्या भुकटीपासून मोठे भय नाही. दोघेही विद्वान होते आणि प्रामाणिक होते. पण त्यांचा निर्वाळा खाणमालकांच्या सोयीचा होता, आणि सोयीचा निर्वाळा फार लवकर धर्मवचन होतो.

उत्तर फ्रान्समधील कूरियेर येथील खाणीत वायूचे भय नाही अशी ख्याती होती. तेथे कामगारांचे दिवे उघड्या ज्योतीचे असत. मार्च १९०६ च्या पहिल्या आठवड्यात एका थरात आग लागल्याचे आढळले आणि ती कोंडण्यासाठी भिंती घालण्याचे काम सुरू झाले. फ्रान्समध्ये १८९० च्या कायद्याने खाणकामगारांना सुरक्षिततेच्या तपासणीसाठी स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या खाणीचे प्रतिनिधी पिएर सिमाँ, ज्यांना सारे ‘रिक’ म्हणत, यांनी सांगितले, की आग विझेपर्यंत कोणालाही खाली उतरवू नका. ते मानले गेले नाही. १० मार्चला सकाळी साडेसहाच्या सुमारास स्फोट झाला. मेले १०९९. त्यांत कोवळी पोरेही होती. पहिली ठिणगी कशाची, हे आजवर निश्चित ठरलेले नाही; पण मृत्यू जो एका खाणीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत, शेकडो हेक्टर पसरलेल्या बोगद्यांतून गेला, तो भुकटीच्या पाठीवर बसून गेला, याबद्दल वाद उरला नाही. तीन दिवसांनी जिवंत कोणी नाही असे मानून शोध थंडावला. आणि २० दिवसांनी, ३० मार्चला, १३ माणसे अंधारातून चालत वर आली! चौदावा ४ एप्रिलला सापडला. दरम्यान हजारो कामगारांनी संप पुकारला होता. गृहमंत्री क्लेमांसो यांनी तेथे सैन्य पाठविले. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. पण ज्याला कळते त्याच्या शब्दाला वजन नसले तर काय होते, ते कूरियेरने दाखविले.

प्रयोगशाळेत भुकटी का पेटली नाही आणि खाणीत का पेटली? या प्रश्नाचे उत्तर आघात-तरंगाच्या अभ्यासातच आहे. उघड्या मैदानात स्फोट झाला तर लाट चहूकडे फुगत जाते. तिचा घेर वाढतो तसा जोर विरतो. बोगद्यात तिला फुगायला जागाच नाही. ती सरळ पुढे जाते आणि जोर टिकवून धरते. खाण म्हणजे जमिनीखाली खणलेली एक प्रचंड आघात-नलिकाच! लाट ज्योतीच्या पुढे धावते आणि वर्षानुवर्षे खाली पडून असलेली भुकटी झाडूने उडवावी तशी हवेत उडविते. मागून ज्योत येते, तिला समोर तयार जळण मिळते, त्या जळण्याने लाटेला नवा रेटा मिळतो, आणि लाट पुढची भुकटी उडविते. ही साखळी जुळायला लांबी लागते. टेबलावरच्या उपकरणात ती जुळायच्या आतच नळी संपते. हवेचा कडा लहान नळीतही खरे बोलतो; भुकटीची ज्योत लहान नळीत खोटे बोलते. कोणता प्रश्न किती मोठ्या साधनाला विचारायचा, हे ओळखणे म्हणजेच अर्धे विज्ञान, आणि तेथे चूक झाली तर तिची किंमत प्रयोग करणारा सहसा देत नाही.

कूरियेरनंतर फ्रान्सने लिएव्हँ येथे १९०७ पासून खऱ्या मापाचा प्रयोग-बोगदा उभारला. ताफानेल नावाच्या अभियंत्याने तेथे स्फोट घडवून दाब आणि ज्योत दोन्ही मोजले. इंग्लंडमध्ये आल्टॉफ्ट्स येथे विल्यम गारफर्थ यांनी १९०८ साली जुन्या बॉयलरच्या टाक्या जोडून तसाच बोगदा केला. गारफर्थांनी आपल्याच खाणीतील १८८६ च्या स्फोटानंतर पाहिले होते, की जेथे वाटेवर दगडाची धूळ होती तेथे ज्वाळा थांबली होती. त्यातून उपाय निघाला तो असा. बोगद्याच्या छताशी आडव्या फळ्या सैल टांगायच्या आणि त्यांवर दगडाची भुकटी रचायची. स्फोट झाला की ज्योतीच्या पुढे धावणारी लाटच त्या फळ्या उलथते, दगडाच्या धुळीचा ढग उठतो, आणि मागून येणारी ज्योत त्या ढगात शिरून थंड होते. स्फोटाच्याच हाताने स्फोटाच्या नरडीला नख! फळी, दोरी आणि दगडाची भुकटी, एवढ्याच वस्तू लागतात. लाट ज्योतीच्या किती पुढे धावते हे मोजले म्हणून हा स्वस्त उपाय सापडला.

व्हियेय यांच्या नळीचा उपयोग मात्र पुढची चाळीस वर्षे तुरळकच झाला. ऑस्ट्रियात कोबेस यांनी १९१० साली आगगाडीच्या ब्रेकसाठी हाच विषय हाताळला. ड्रायव्हरने ब्रेकची कळ फिरविली की नळातल्या हवेच्या दाबाचा फरक शेवटच्या डब्यापर्यंत पोचेतो वेळ जातो, आणि लांब गाडीचे मागचे डबे पुढच्यांवर आदळतात. तो फरक नळातून किती वेगाने जाऊ शकतो, हा त्यांचा प्रश्न. १९२१ साली ब्रिटनमध्ये खाणींतील सुरक्षिततेच्या संशोधनासाठी मंडळ निघाले. त्या मंडळाच्या पेमन आणि शेफर्ड यांनी पडदा फोडून निघणाऱ्या लाटांची छायाचित्रे घेऊन कसून अभ्यास केला. तो निबंध १९४६ साली रॉयल सोसायटीने छापला आणि आघात-नलिकेच्या नव्या युगाच्या आरंभी त्याचे नाव घेतले जाते.

ते नवे युग मात्र लढाईने आणले. महायुद्धात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ब्लेकनी यांनी बाँबच्या लाटा इमारतींवर कशा आदळतात हे नळीत पाहिले. नंतर अणुबाँब आला, आणि पैशाचा पूर आला. बोगद्याएवढ्या नळ्या बांधल्या गेल्या. त्यांत रणगाडे उभे करून तडाखे दिले. आकाशातून परत येणाऱ्या क्षेपणास्त्राचे टोक जळू नये म्हणून १९५५ नंतर कँट्रोविट्झ यांनी याच नळीत हजारो अंशांची हवा निर्माण केली. खाणकामगाराच्या प्रश्नाला जे साधन दशके पुरेशा पैशावाचून राहिले, त्याला बाँबच्या नावाने हवे तेवढे मिळाले. याचा राग करावा तेवढा थोडा. पण त्यातून जे ज्ञान निघाले ते टाकून देणेही वेडेपणाचे.

त्या ज्ञानातले चार आकडे आपण घरी घेऊन जावेत असे मला वाटते. वातावरणाचा जो नेहमीचा दाब आहे, त्याच्या विसाव्या भागाइतका दाब एकदम वाढला तरी खिडक्यांच्या काचा फुटतात. तिसऱ्या भागाइतका वाढला तर कानाचे पडदे फाटू लागतात. पूर्ण एका वातावरणाइतका वाढला तर फुप्फुसांना इजा होऊ लागते, अंगावर ओरखडा नसतानाही. ही इजा लाट तोंडावाटे आत शिरून होते की छातीवर आदळून, हे १९४० साली लंडनवर बाँब पडत असता सॉली झुकरमन यांनी तपासले; छातीवर आदळून, असे उत्तर निघाले. चौथी गोष्ट भिंतीची. लाट भिंतीवर आपटून परतते तेव्हा तेथला वाढीव दाब निदान दुप्पट होतो, आणि लाट जबर असेल तर आठपटीपर्यंत जाऊ शकतो. मोकळ्या जागी वाचला असता तो माणूस भिंतीशी उभा राहून जातो, तो यामुळे.

यांच्याच जोडीला अंतराचा नियम आहे. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी तो १९१५ साली मांडला. स्फोटक आठपट केले, तर तोच दाब दुप्पट अंतरावर पोचतो. कोठारापासून वस्ती किती दूर हवी, हे या नियमाने कागदावर काढता येते. त्यासाठी आधी माणसे मरावी लागत नाहीत.

आणि एक गोष्ट वेळेची. प्रकाश तत्काळ पोचतो, लाट मागून येते. एक किलोमीटरवरच्या स्फोटाचा लखलखाट दिसल्यापासून तडाखा बसेपर्यंत सुमारे अडीच-तीन सेकंद मिळतात. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याचे जहाज पेटले, तेव्हा शहरातील माणसे आणि शाळकरी मुले खिडक्यांच्या काचांना नाक लावून धूर पाहत उभी होती. सुमारे १८०० माणसे मेली, आणि शेकडो लोकांचे डोळे काचांनी घेतले. एकशेतीन वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० रोजी, बैरूत बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले. त्याची चित्रफीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पांढरा घुमट क्षणात फुगत जातो, तो लाटेमागच्या हवेत बाष्प गोठून उमटलेला तिचा माग होय. तेथेही लोक खिडकीत आणि गच्चीत उभे राहून धूरच पाहत होते. शंभर वर्षांत लाट बदलली नाही, आणि आपली सवयही बदलली नाही. लखलखाट दिसला की खिडकीपासून मागे हटावे आणि खाली पडावे. हा नियम मुलांना पाढ्यांसारखा शिकविला पाहिजे.

आता आपल्या देशाकडे येऊ. २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील धोरी येथील कोळशाच्या खाणीत भुकटीचा स्फोट होऊन २६८ कामगार मेले. म्हणजे कूरियेरनंतर एकोणसाठ वर्षांनी, आणि दगडाच्या भुकटीचा उपाय जगाला ठाऊक होऊन अर्धे शतक लोटल्यावर. आपल्या विदर्भातही चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यात मराठी माणूस कोळसा खणतो. म्हणून ही कथा परक्या देशाची म्हणून सोडून देता येत नाही. दुसरीकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आघात-नलिकांवर दशकानुदशके काम झाले आहे. तेथील के. पी. जे. रेड्डी यांनी हाताने दट्ट्या ढकलून चालविता येईल अशी छोटी नळी तयार केली. पंपावर हवा भरण्याइतक्या श्रमात आवाजापेक्षा वेगवान लाट! अशी नळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवता येते. ती कारखान्यांच्या प्रशिक्षण केंद्रांतही ठेवावी आणि कामगाराला स्वतःच्या हाताने एक लाट काढू द्यावी. दहा फलक लावून जे होत नाही ते त्या एका आवाजाने होईल.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, आणि मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, दोन्ही वेळा माणसे गेली. दोन्ही वेळा नंतर चर्चा झाली ती कारखाने हलविण्याची. आपली जुनी म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझे म्हणणे, चर्चा आधी व्हावी आणि ती आकड्यांत व्हावी. या आवारात एका वेळी जास्तीत जास्त किती द्रव्य साठते? ते सारे एकदम उडाले तर काचा फुटण्याचा दाब किती मीटरवर, कान फाटण्याचा किती मीटरवर, छातीचा किती मीटरवर? शाळा त्या वर्तुळाच्या आत आहे की बाहेर? कामगारांची चहाची टपरी कोठे आहे? भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात कलमे घातली गेली. धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला द्यावी, सुरक्षिततेच्या कामात कामगारांना जागा असावी, आणि धोका समोर दिसला तर इशारा देण्याचा हक्क कामगाराला असावा, असे त्यांत म्हटले होते. म्हणजे ‘रिक’ने जे मागितले ते कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि प्रश्न विचारण्याइतके ज्ञान माणसाजवळ असणे वेगळे. चौकशीच्या टेबलापाशी बसून मी हे अनेकदा अनुभवले आहे. ज्याला आकडा विचारता येत नाही, त्याची दया केली जाते. ज्याला येतो, त्याला उत्तर द्यावे लागते.

हॅसवेलच्या कामगारांनी वकील धाडून शास्त्रज्ञ मागवून घेतले, म्हणून भुकटीचा पुरावा कागदावर आला. तो पुरावा मानला गेला असता तर कूरियेरचे किती जण वाचले असते ते कोणी सांगू शकत नाही. व्हियेय यांच्या नळीत स्फोट कोंडला गेला, त्याला आता सव्वाशे वर्षे झाली. त्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे, दाब ठाऊक आहे, तो कोठवर पोचतो तेही ठाऊक आहे. यापुढे कोणी ‘अचानक स्फोट झाला’ असे लिहून वही मिटू लागला, तर त्याला सभ्यपणे थांबवावे आणि एवढेच विचारावे : साठा किती होता, अंतर किती होते, आणि हा हिशेब आधी कोणी केला होता?